सतरा दगड आणि एक राहिलेली घागर

किसनदादा, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी चिडले. माणूस गेलं की रडू फुटतं म्हणतात, मला राग आला. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलेलं. त्यात माझीच बाजू खरी, असं मी दोन वर्षं धरून चालले होते, आणि तू आपला उठून चालता झालास. तुझा गोरख फोनवर म्हणाला, "आत्या, बाबांनी सकाळी रांजण भरला, लिंबाखाली बसले, आन् बसले ते बसलेच." मी फोन ठेवला आणि दूध उतू जाऊन गॅस विझला तरी तिथंच उभी होते.

काल तुझा तेरावा झाला. रात्री शहरात, गारखेड्यातल्या घरी परत आले, आणि आज सकाळपासून हे लिहायला बसले आहे. उजवा हात खांद्यापासून दुखतोय. का दुखतोय तेही सांगते, पण क्रमानं सांगू दे. तुला माझी नकाशेवाल्या बाईची सवय ठाऊक आहे, आधी पाया काढल्याशिवाय मला भिंत काढता येत नाही.

आपली सगळी भांडणं सराईवरून. लासूर स्टेशनवरून देवगाव रंगारीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आपलं गाव, आणि गावाच्या तोंडाशी ती सराई. पूर्वी कापसाच्या, धान्याच्या गाड्या स्टेशनला जाताना तिथं मुक्काम करायच्या. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालेली माणसं पथारी टाकायची, कल्हईवाले यायचे, घोंगडीवाले यायचे. मधे फरसबंद चौक, चौकात आड, भोवती ओवऱ्या, आणि समोर ती काळ्या दगडाची कमान, जिच्यातून भरलेली बैलगाडी सरळ आत यायची. राखण तुझ्या घराण्याकडं, किती पिढ्यांची ते तुझ्या वडिलांना, तात्यांनाही सांगता यायचं नाही. माझे वडील पोस्टमास्तर म्हणून गावात बदलून आले, तोवर गाड्या जाऊन ट्रक आले होते आणि सराई निम्मी ओस पडली होती. रस्त्याकडच्या दोन खोल्यांत पोस्ट आणि आमचं बिऱ्हाड, आतल्या ओवऱ्यांत तुमचं घर. तू आत वाढलास, मी रस्त्याच्या बाजूला. तेव्हा ह्या गोष्टीला काही अर्थ आहे असं कुणाला वाटणार होतं?

सराई कुणी बांधली ह्यावरून माझे वडील आणि तात्या पानसुपारी संपेपर्यंत वाद घालायचे. वडिलांचं म्हणणं, हे निजामाच्या अमलातलं सरकारी काम, कुठंतरी दप्तरात नोंद असणारच. तात्यांचं म्हणणं, एका बाईनं बांधली, तिचा नवरा ह्या रस्त्यावर पाण्यावाचून गेला म्हणून. ते दोघं गेले आणि तो वाद वारसाहक्कानं आपल्याकडं आला. मी नोकरीत असताना दप्तरं चाळली, काही सापडलं नाही. तुला तसं कळवलं तर तू काय म्हणालास? "कागदात नाय म्हणून ती बाई झालीच नाय व्हय गं सुमे?"

पण त्या बाईची असो की सरकारची, सराईची रीत एकच होती. जाणाऱ्यानं एक घागर पाणी आडातून शेंदायचं आणि कमानीजवळच्या रांजणात ओतायचं, मगच बाहेर पाऊल टाकायचं. आलेल्यानं ज्याचं पाणी प्यायलं तो पुढं गेलेला असायचा, आणि हा ज्याच्यासाठी भरायचा तो अजून यायचा असायचा. तात्या कमानीत घोंगडी टाकून बसलेले असत. गाडीवान असो की गावाला आलेला फौजदार, ते हातानं नुसता रांजण दाखवायचे. फौजदारसाहेब बूट काढून घागर घेऊन चाललेले मी स्वतः पाहिलेत, आणि तू ओवरीत तोंडात उपरणं कोंबून हसत होतास.

वडिलांची बदली झाली तेव्हा मी बारा वर्षांची. सामान टेम्पोत चढलं होतं. आईनं घागर ओतली, वडिलांनी ओतली, आणि मी मोठी घागर शेंदली खरी, पण ती मला उचलवेना. तू धावत आलास आणि दुसऱ्या बाजूनं हात लावलास. तात्या घोंगडीवरून ओरडले, "सोड किसन्या. तिची तिला भरू दे." तू सोडलीस. मी निम्मं पाणी परकरावर सांडत ती घागर नेली आणि रांजणात ओतली. टेम्पोत बसल्यावर आई म्हणाली, रडू नको, आणि मी म्हटलं, मी कुठं रडते, पाणी सांडलंय.

त्यानंतर आपलं मानलेल्या भावाबहिणीचं नातं पत्रात आणि सणावारात राहिलं. मी शहरात शिकले, सरकारी खात्यात नकाशे काढायला लागले. तू शेती केलीस आणि पडत चाललेल्या सराईत राहत राहिलास. भाऊबीजेला दरवर्षी पहिली एसटी पकडून यायचास, येताना बाजरीचं पीठ आणि जाताना माझ्याच घरच्या माठात तांब्याभर पाणी. माझे यजमान म्हणायचे, तुझा भाऊ आमचा माठ का भरतो? मी म्हणायचे, विचारू नका, रीत आहे.

मग रस्ता रुंद व्हायचं निघालं, आणि खुणेचा दगड सराईच्या चौकातच पडला. मी अर्ज लिहिले, तू ते घेऊन फिरलास. काही उपयोग नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, निदान चांगल्या वस्तू शहरात कुठंतरी नीट मांडून ठेवायला देऊ, लोक बघतील तरी. तू म्हणालास, बघून काय करणार हायत? आणि तू तुझ्या पद्धतीनं सराई वाटून टाकलीस. सागवानी दाराचं एक फळकूट देवळाच्या मुदपाकखान्याला, दुसरं तुझ्या गोठ्याला. ओवरीतल्या सगळ्या खुंट्या शाळेला दिल्यास, आता पोरं त्यांना दप्तरं अडकवतात. बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी मळ्यात. रांजण फाट्यावर, एसटी थांबते तिथं, तुझ्या शेताच्या बांधाला. मी रागानं म्हटलं होतं, तू सराईची भंगारवाल्यासारखी वाटणी केलीस. दादा, परवा तेराव्यासाठी आले तेव्हा शाळेवरून जाताना मी खिडकीतून आत डोकावले. सगळ्या खुंट्यांना दप्तरं होती.

राहिली कमान. तिच्यावर मात्र आपलं एकमत झालं. सतरा दगडांची कमान, उतरवायची आणि फाट्यावर, रांजणाशेजारी तुझ्या शेताच्या वाटेवर परत उभी करायची. वेरूळच्या रस्त्यावर एक नवं हॉटेल होत होतं, जुन्या वस्तू मांडणारं. त्याचा माणूस दोनदा तुझ्याकडं येऊन गेला होता, हे तूच मला हसत सांगितलंस. "म्हन्ला, बागेत उभी करतो. मी म्हन्लं, बागेतल्या कमानीतून मानूस जानार कुठं?"

मी दोन दिवस रस्त्यावर उन्हात उभी राहून त्या कमानीचा नकाशा काढला. तू मला छत्री धरायला गोरखला पाठवलंस आणि मी त्याला परत पाठवलं, सावली कागदावर पडते म्हणून. एक ते सतरा, प्रत्येक दगडाची रुंदी, मधला नऊ नंबरचा. पण उतरवायच्या दिवशी मी नव्हते. सुनेचं बाळंतपण नेमकं त्याच दिवशी. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी तुला फोनवर सांगितलं, "दादा, नंबर दगडांच्या पाठीवर टाक, दर्शनी बाजूला रंग नको. डावीकडून सुरू कर. एक ते सतरा." तू म्हणालास, व्हय. ट्रॉलीला लावून उरलेल्या लाल ऑइलपेंटनं तू एकेका दगडावर आकडा टाकलास, आणि बाहेर पाडायचं यंत्र धडधडत उभं असताना सतराच्या सतरा दगड बैलगाडीतून शेतात नेलेस. एकाचीही कड उडाली नाही.

पुढचं मला लिहायला जड जातंय.

कमान बसवायचा दिवस. शब्बीरभाई गवंड्यांनी दोन्ही बाजूचे खांब नव्यानं बांधून काढले होते, मधे दगड तोलून धरायला सेंटरिंगच्या फळ्या ठोकल्या होत्या. गावातली पंधरावीस माणसं जमलेली. मी रस्त्यावर नकाशा धरून उभी, आणि नंबर ओरडून सांगतेय. डावीकडून एक, दोन, तीन. आणि दगड बसेनात. कुठं सांध्यात बोट जाईल एवढी फट, कुठं कडा एकमेकींवर चढलेल्या. शेवटी मधला नऊ नंबरचा ठेवला तर तो खाली घसरायला लागला. शब्बीरभाई वरून म्हणाले, "ताई, पत्थर तो वहीच दिखरे. बिठानेमें कुछ गडबड है." मी म्हटलं, माझ्या नकाशात गडबड नाही, उभी नोकरी गेली माझी नकाशे काढण्यात.

मी शिडीवर चढले, टेप काढली आणि मधली फट मोजली. नकाशातल्या नऊ नंबरपेक्षा चांगली चार बोटं जास्त. म्हणजे हा दगड तो नव्हेच. खाली उतरले आणि सगळ्यांच्या देखत तुला विचारलं, "दादा, खरा मधला दगड वेरूळला पोचला का?"

दादा, मी फट मोजली. दगड मोजला नाही. टेप हातात होती, दगड पुढ्यात होता, एका मिनिटाचं काम होतं. पण मला तुझ्याबद्दल जे वाटायला लागलं होतं ते मी आधीच मोजून टाकलं होतं.

तू माझ्याकडं बघितलंस. तू एवढंच म्हणालास, "सुमे, आधी पानी पी." मी म्हटलं, नको मला पाणी. पर्स उचलली आणि एसटीच्या थांब्याकडं वळले. तू रांजणापाशी आलास, हातात रिकामी घागर. "बरं पिऊ नको. भरून तर जा." लासूरची एसटी समोरून येत होती. मी न भरता गेले. तात्या असते तर मला गावाच्या वेशीतून पुढं जाऊ दिलं नसतं.

दोन वर्षं. दोन भाऊबीजा. पहिल्या भाऊबीजेला तू आला नाहीस आणि मी शेजाऱ्यांना सांगितलं, शेतात काम असेल. गेल्या दिवाळीच्या आधी गोरखचा फोन आला होता. "आत्या, बाबा म्हणत्यात एकदा येऊन जा. कमान बसती." मी म्हटलं, वेळ झाला की येते. माझ्यापाशी वेळच वेळ होता. निवृत्त बाईपाशी दुसरं असतं काय? थोरल्या नातवाला शाळेच्या रिक्षात बसवलं की दिवसभर मी रिकामी. पण मला वाटलं, तू कुठून तरी दुसरा दगड घडवून आणला असशील आणि आता मला दाखवून गप्प करणार. खोटं नाही सांगत, असंच वाटलं.

काल जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा वहिनींनी माझा हात धरला आणि मला लिंबामागं नेलं. तिथं जमीन सारवलेली होती. सारवलेल्या जमिनीवर तुझी कमान निजवलेली, लाल आकडे वर करून. डाव्या हाताला एक, उजव्या हाताला सतरा, आणि मधे नऊ. सांध्यात लिंबाची काडी जाणार नाही अशी बसलेली. मी खाली बसले. पर्समध्ये टेप असतेच. नऊ नंबरचा दगड मोजला. नकाशातला आकडा मला पाठ होता, दोन वर्षं तो घोकतच होते. एका सुताचाही फरक नव्हता.

मला कळायला वेळ लागला नाही, लागला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं होतं, डावीकडून. कुणाच्या डावीकडून ते म्हटलं नव्हतं. नकाशा काढणारं माणूस कायम इमारतीच्या बाहेर उभं असतं, मला तेवढंच माहीत. पाठीवर आकडा टाकायचा म्हणून तू आत उभा राहिलास. आणि पाठीचं सोड, तू बाहेर उभा राहिलाच असतास कशाला? जन्मभर त्या कमानीकडं तू आतूनच बघितलंस, कोण येतंय, कोण जातंय, कोण पाणी भरतंय. तुझा एक तो माझा सतरा. मी सगळी कमान उलटी बसवत होते, आणि चोर तुला म्हणत होते.

"कधी जुळली ही?" मी वहिनींना विचारलं.

"मागल्या उन्हाळ्याच्याबी आधल्या. एकले एकले मांडीत बसायचे. जुळली त्या दिवशी जेवलेच नायत, नुसते हासत व्हते."

"मग उभी का नाही केली?"

"म्या बी तेच म्हन्लं. तर म्हन्ले, सुमी येऊ दे. ती नसताना उभी केली तर म्हनल, दगड बदलला." वहिनी पदरानं दगडावरचा पाला झाडत होत्या. "आन् म्हन्ले, तिची चूक नाय, मीच आतून मोजलं. तिला तसंच सांगायचं, बरं का. तिला लई लागून ऱ्हातं."

ऐकलंस? मी तुला गावासमोर चोर ठरवलं, आणि तुला काळजी कसली तर मला लागेल याची. आता मी काय करू तुझं? चूक तुझी नव्हती, दादा. आतून मोजणं ही चूक नसते. न विचारता बोलणं ही चूक असते, आणि ती माझी. हे मी वहिनींना सांगितलं, गोरखला सांगितलं. शब्बीरभाई तेराव्याला आले होते, त्यांना जाऊन सांगितलं, तुम्ही त्या दिवशी बरोबर होतात म्हणून. ते म्हणाले, "जाने दो ताई." त्या दिवशी जमलेल्या पंधरावीसांपैकी जेवढे दिसले तेवढ्यांना सांगितलं. ज्याला सांगायचं तो तेवढा नव्हता.

आणि तरी तुझ्यावरचा राग पुरता गेलेला नाही, हेही लिहून ठेवते. गोरखकडून निरोप का धाडलास? स्वतः फोन केला असतास, एक सणसणीत शिवी दिली असतीस, तर मी पहिल्या गाडीनं आले असते. वाट बघायची ही तुमच्या घराण्याची खोड. सराई राखता राखता तुम्हाला वाटायला लागलं, माणूस आज ना उद्या येतंच. येतं दादा, पण तोवर राखणारा टिकला पाहिजे ना.

माझ्या जुन्या नकाशाच्या कोपऱ्यात मी काल तिथंच बसून लिहिलं: क्रमांक आतून वाचावेत. खाली सही केली. गहू घरात आले की शब्बीरभाई कमान बसवणार आहेत. मी शेताच्या बाजूला, आत उभी राहणार आणि तिथून नंबर सांगणार.

संध्याकाळी निघाले. फाट्यावर रांजणात डोकावले तर तळ दिसत होता, तेराव्याची माणसं दिवसभर प्यायली होती. आड तर रस्त्याखाली गेला, आता बोअरच्या नळाला घागर लावायची. वाटलं होतं तेवढं सोपं नाही, सत्तरीला टेकलेल्या बाईला भरलेली घागर म्हणजे चेष्टा नव्हे. नळापासून रांजणापर्यंत मी तीनदा टेकले. साडी घोट्यापर्यंत भिजली. एक ओतली आणि परत नळाकडं वळले. गोरख धावत आला, "आत्या, द्या हिकडं, मी भरतो. झाली की तुमची एक."

वहिनी बांधावर बसल्या होत्या. तात्यांचं ते जुनं बोलणं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तिथूनच त्या म्हणाल्या, "सोड गोरख. त्यांची त्यांना भरू दे."

त्यानं सोडली. मी दुसरीही नेली आणि ओतली, दादा. एक कालची, आणि एक त्या दिवसाची.